डाएट त्यांचं, भाकरी तिची

अहोंचं वजन वाढलं की पहिला ठपका पोळपाटावर येतो. ‘काय गं, जावयांना खायला घालतेस की फुगवतेस?’ असं माझ्या माहेरी, सांगलीत, हसत हसत विचारतात. आणि त्याच दुपारी त्याच जावयांच्या ताटात ‘एवढ्यानं काय होतंय, एक तरी घ्याच’ म्हणत तिसरी पुरणपोळी पडते, वर तुपाची धार. सासर साताऱ्याचं, तिथं आलेल्या-गेलेल्याच्या हातावर कंदी पेढा ठेवल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. नवऱ्याचं वजन उतरवायला निघालेल्या बाईला आधी या दोन गावांशी सामना करावा लागतो.

दवाखान्यात गंमत बघा. खुर्चीवर पेशंट म्हणून बसलेला असतो तो. रिपोर्ट त्याचे, पोट त्याचं. पण डॉक्टर आहाराचं बोलायला लागले की त्यांची मान वळते तिच्याकडे. तेल कमी करा, साखर कमी करा, चपातीऐवजी भाकरी द्या. ती ऐकत असते, तो मोबाईल बघत असतो.

मग भाकरी सुरू होते. माण-खटावची नाहीतर जत-आटपाडीकडची शाळू ज्वारी आणायची, निवडायची, दळून आणायची. ज्वारीचं पीठ शिळं झालं की विरी जाते, म्हणून दळण थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. चपात्या सकाळी एकदम लाटून डब्यात ठेवता येतात. भाकरीचं तसं नाही. गरम पाण्यात एकेका भाकरीचं पीठ मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, फुगवायची आणि लगेच ताटात. ‘मला दोनच दे, पण गरम.’ म्हणजे तो पथ्यावर आणि ती तव्यापाशी उभी. ज्वारीत तंतू भरपूर, चावायला वेळ लागतो, पोट भरल्याचं लवकर कळतं, हे सगळं खरं. पण आपल्याकडच्या एका जाडजूड भाकरीत दोन चपात्यांचं पीठ असतं, हे कुणी सांगत नाही. भाकरी आहे म्हणून तीन खाल्ल्या, तर काटा हलायचा कसा?

मला विचाराल तर खरी चोरवाट चहाची आहे. आपला हा उसाचा मुलूख. वसंतदादांच्या कारखान्याच्या गावात चहा फिका करून देणं म्हणजे कंजूषपणाच ठरायचा. कपाला दोन चमचे साखर धरली तर दहा ग्रॅम. घरातले दोन, ऑफिसातले दोन, कुणाच्या तरी दुकानात बसून एक: दिवसाचे ५० ग्रॅम. महिन्याला एकट्या माणसाची दीड किलो साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली दिलेला सल्ला असा की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. चहाची साखर दर आठवड्याला अर्धा चमचा उतरवत नेली तर महिन्याभरात जीभ सरावते. फक्त ती सगळ्यांच्याच कपातली उतरवायची. एकट्याचा वेगळा बिनसाखरेचा कप ट्रेमध्ये बाजूला ठेवला की तो माणूस आजारी ठरतो, आणि आजारी ठरलेला माणूस घराबाहेर जाऊन बरा होतो, म्हणजे घरी दुधीभोपळा आणि पोवई नाक्यावर वडा.

भडंगाचंही तसंच. ‘चुरमुरेच तर आहेत, त्यात काय!’ भडंग सांगलीचं भारी की जयसिंगपूरचं, हा वाद बाजूला ठेवून एकदा ते वर्तमानपत्रावर ओतून दहा मिनिटं थांबा. नंतर कागद उचलून उजेडात धरा, पलीकडची खिडकी दिसेल. हे दाखवल्यावर आमच्याकडे भडंग बंद झालं नाही, पण परातीतून खायचं ते वाटीतून खायला लागले. एवढं पुष्कळ झालं.

‘मी कुठं जाड आहे?’ हा पुढचा प्रश्न. हातपाय काड्या, पोट पुढे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याचं उत्तर स्वतःचंच उदाहरण देऊन दिलं आहे. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपली माणसं बारीक दिसून आतून चरबी बाळगतात, ती अशी. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिवणाच्या डब्यातली टेप बरी. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर गेला की जागं व्हायचं. टेप मात्र त्याची त्यानं धरावी. बायकोनं चारचौघांत पोटावर टिचकी मारून आजवर कुणाचं पोट आत गेलेलं नाही.

डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली पद्धत आपल्या भागात इतकी का रुजली, याचा मी माझ्यापुरता एक अर्थ लावला आहे. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसात दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत संपवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. तज्ज्ञांचे त्यावर मतभेद आहेत, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये. पण स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं तर तिनं बायकांना एक न मागितलेली सुट्टी दिली. चारचा चहा आणि ‘त्याच्याबरोबर काहीतरी’ करणं टळलं. वजन उतरवायचा हा एकच मार्ग असा निघाला, ज्यात तिचं काम वाढलं नाही, उलट घटलं.

आणि तिचं स्वतःचं वजन? त्याची चौकशी दिवाळीला साडी नेसताना फक्त होते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती बसते. कढईत दोन घास भात उरलेला असतो, मुलाच्या ताटात अर्धी चपाती. टाकवत नाही, म्हणून खाते. भूक भागल्यावर खाते. सोमवार, संकष्टी, एकादशी आलीच, आणि त्या दिवशी साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचं कूट. उपवासानं वजन कसं वाढतं, याचं तिला कोडं पडतं.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १३० जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीतला एकच जण वजन उतरवण्याच्या उपक्रमात होता, दुसऱ्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांनी त्या दुसऱ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांचंही वजन तीन टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं होतं. ज्याच्या जोडीदाराला जमलं नाही, त्यालाही फारसं जमलं नाही. घर एकत्रच हलतं.

मग ते नेहमी तिच्याच बाजूनं का हलवायचं? सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून सुरू झाली आणि यवतेश्वरच्या घाटात पहाटे धावणारी माणसं दिसायला लागली. अजिंक्यताऱ्याच्या चढावरही सकाळी ओळखीचे चेहरे भेटतात. त्यांत बायका आहेत, नाही असं नाही. पण साडेपाचला घराबाहेर पडणाऱ्या बाईच्या घरी डबा कोण करतं, हे जरा विचारून बघा. तो फिरून येतो तेव्हा तिची दुसरी भाजी फोडणीला पडलेली असते आणि तिचं फिरणं ‘संध्याकाळी बघू’वर गेलेलं असतं. संध्याकाळी मुलांचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या, कुकर.

तेव्हा बायकोचं वजन उतरावं असं मनापासून वाटणाऱ्या नवऱ्यानं तिला डाएटचे व्हिडिओ पाठवू नयेत. संध्याकाळचा सहा ते सात हा तास तिच्या नावावर करावा, तिला चपला घालून बाहेर जाऊ द्यावं आणि कुकर आपण लावावा. तांदूळ किती, पाणी किती, हे फोन करून विचारू नये; डब्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं तर दोन दिवसांत पाठ होतं. तीन शिट्ट्या मोजायला काही बी.कॉम. व्हावं लागत नाही.