पेटीतला उंदीर

पांढरा उंदीर अजगराच्या पाठीवर बसून तोंड धूत होता. पुढचे दोन्ही पंजे मिशांवरून फिरवायचा, मधेच थांबून नाक उडवायचा, पुन्हा धुवायला लागायचा. अजगर वेटोळ्यात डोकं खुपसून पडलेला. सुरतेत उधन्याच्या दोन खोल्यांच्या घरात माझा भाचा आणि मी पाऊण तास हे बघत बसलो होतो. "मामा, आज भूक नाहीये त्याला," असं म्हणून त्यानं दिवा मालवला आणि उंदीर आतच ठेवून आम्ही जेवायला उठलो. सकाळी उंदीर जिवंत होता आणि अजगराच्या पाठीवर, कण्याच्या जरा बाजूला, रुपयाएवढी जखम होती. खवले कुरतडले गेले होते, खालचं मांस दिसत होतं.

उंदरानं काही वावगं केलं नव्हतं. त्याला रात्रभर दाणा नव्हता, पाणी नव्हतं, आणि उंदराला थोडं थोडं सारखं खावंच लागतं. समोर जे होतं ते त्यानं कुरतडलं. सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना अशा जखमा नव्या नाहीत; कधी कधी त्या हाडापर्यंत जातात.

भाच्याचा अजगर म्हणजे आफ्रिकेतला बॉल पायथन. आपल्याकडचे साप १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे घरात पाळता येत नाहीत. हा परदेशी, आणि २०२४च्या नियमांनुसार त्याची सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. ती त्यानं केली आहे. मला स्वतःला साप पाळणं पटत नाही, हे आधीच सांगतो. हा प्राणी नीट सांभाळला तर पंचवीस वर्षंही जगतो. दर पंधरा दिवसांनी एक धरला तरी वर्षाला सव्वीस उंदीर, पंचवीस वर्षांत साडेसहाशे. एका हौसेपायी साडेसहाशे जीव. पण साप घरात आलाच आहे, आणि तो गवत खाणार नाही. मग प्रश्न एवढाच उरतो : हे साडेसहाशे जीव कसे जाणार?

जिवंत उंदीर सोडणारे म्हणतात, हा निसर्ग आहे. जीव जिवावर जगतो, आपण मधे पडणारे कोण? मला हे बोलणं मुळातच खोटं वाटतं. शेतात धामण उंदरामागे लागते तेव्हा उंदराला बीळ असतं, बांध असतो, अंधार असतो. पुष्कळदा तो निसटतो आणि धामण उपाशी राहते. काचेच्या पेटीत बीळ नसतं. तिथं उंदीर आला तो दुकानातून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, माणसाच्या हातानं. झाकण लावलं माणसानं. वेळ ठरवली माणसानं. एवढं सगळं केल्यावर शेवटचा क्षण तेवढा निसर्गाच्या नावावर लिहायचा, हे कसं चालेल?

खरी अडचण वेगळी आहे आणि ती फ्रिजमध्ये आहे. मारून गोठवलेले उंदीर आणायचे तर ठेवायचे कुठे? भाच्यानं विषय काढला तेव्हा माझी बहीण म्हणाली, "मेलेला उंदीर अन् माझ्या फ्रिजात? दुधाच्या पातेल्याशेजारी?" तिच्या बोलण्यात नुसती किळस नव्हती. १९९४च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीनं लाखो लोक सुरत सोडून गेले, तेव्हा तीही मिळेल त्या गाडीनं नंदुरबारला आली होती, तोंडाला ओला रुमाल बांधून. त्या पिढीच्या सुरतकरांना मेलेला उंदीर दिसला की आजही पोटात गोळा येतो. त्या भीतीला मी नावं ठेवणार नाही.

दुसरी अडचण हाताची. भाचा रिंग रोडच्या कापड मार्केटात हिशेब लिहितो. तिथल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं : तू मारलास तर पाप तुला, सापानं मारला तर ते सापाचं कर्म. अहिंसेचा एवढा संस्कार असलेल्या शहरात हा विचार सुचणं साहजिक आहे. पण ज्या जैन विचारातून हा संस्कार आला, तो इतका सोपा नाही. त्यात हिंसा तीन प्रकारांनी घडते : स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि होत असलेल्या हिंसेला संमती देणं. पेटीत उंदीर सोडून झाकण लावणं हे सरळ सरळ करवणं आहे. बाराव्या शतकात गुजरातेतच होऊन गेलेल्या आचार्य हेमचंद्रांच्या 'योगशास्त्रा'त श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांत 'असतीपोषण' आहे. पैशासाठी मांजर, कुत्रा, कोंबडा असे प्राणी पोसणं त्यात येतं. म्हणजे पोसणाऱ्याचा हात त्यांनी मोकळा सोडलेला नाही.

याच सुरतेत १६८९ साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री आला होता. १६९६ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं इथल्या जनावरांच्या इस्पितळाबद्दल लिहिलं आहे. गाई, घोडे, बकऱ्या होत्याच. पण शेजारी ढेकूण आणि पिसवांसाठीही एक जागा होती. त्यांचं अन्न म्हणजे माणसाचं रक्त. म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तिथल्या खाटेवर झोपवत, आणि चावे सोसवेनात म्हणून तो पळून जाऊ नये यासाठी त्याला बांधून ठेवत. ओव्हिंग्टनला यात नवल वाटलं. मला मात्र तो बांधलेला माणूस विसरता येत नाही. शिबी राजानं ससाण्याची भूक भागवायला स्वतःच्या मांडीचं मांस कापून दिलं, अशी आपली कथा. इस्पितळातल्या त्या खाटेवर पैसे देणारा शेठ स्वतः झोपला नाही. दयेची किंमत त्यानं दुसऱ्याच्या अंगातून वसूल केली. पेटीतल्या उंदराला तर मजुरीही मिळत नाही.

मेलेलं भक्ष्य म्हणजे आपोआप दयाळूपणा, असंही मी म्हणत नाही. जिवंत उंदीर पिशवीत घालून थेट फ्रीजरमध्ये ठेवणारे लोक आहेत. त्यापेक्षा अजगराचा विळखा बरा. २०१५ साली अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजच्या स्कॉट बोबॅक आणि सहकाऱ्यांनी, बेशुद्ध केलेल्या उंदरांवर बोआ सापाच्या विळख्याचा परिणाम मोजला. श्वास कोंडून मरण येतं, हा जुना समज त्यात मागे पडला. विळखा पडताच काही सेकंदांत रक्ताभिसरणच कोलमडतं. म्हणजे भुकेल्या सापाचा नेम अचूक लागला तर मरण लवकर येतं. पण नेम चुकतो, भूक नसते, साप कात टाकायच्या बेतात असतो, आणि मग त्या रात्रीसारखी रात्र होते. गोठवण्याआधी उंदीर कार्बन डायऑक्साइडनं मारायचे तर वायू हळूहळू सोडावा लागतो. अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शिकेत पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के दर मिनिटाला, असं प्रमाण आहे. नवजात पिल्लं या वायूत बराच वेळ तग धरतात, त्यांना हा उपाय पुरत नाही. ज्याच्याकडून गोठवलेले उंदीर घ्यायचे त्याला हे विचारलं पाहिजे, आणि उत्तर टाळलं तर घेऊ नयेत.

साप मेलेलं खातच नाही, ही तक्रार निम्मी खरी आहे. बॉल पायथन हट्टी असतो. पण निरोगी मोठा अजगर आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो. घाई पाळणाऱ्यालाच असते. काही केल्या खाईना आणि खरोखर खंगत चालला, तर जिवंत भक्ष्य द्यावं लागेल हे मला मान्य आहे. मग चिमटा हातात घेऊन तिथंच बसावं, आणि काही मिनिटांत झालं नाही तर उंदीर बाहेर काढावा.

हे मोबाइलवर टिपून मित्रांना दाखवणं मात्र कुठल्याच सबबीखाली बसत नाही. मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो, हे आपण बोलताना सहज म्हणतो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं त्याला गुन्हा ठरवलं आहे : निव्वळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचं भक्ष्य करणं. आणि त्या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे उंदीरही.

जखम भरायला अडीच महिने लागले. भाच्यानं एक जुना छोटा फ्रिज घेऊन गॅलरीत ठेवला. परवा गेलो तेव्हा रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवून मऊ पडलेला उंदीर त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात धरला, कागदानं कोरडा केला, डोकं पुन्हा जरा शेकलं. अजगर ओठांजवळच्या खाचांनी ऊब ओळखतो, म्हणून. मग लांब चिमट्यात धरून पेटीत हलकेच हलवला. दोनदा जीभ लवलवली. तिसऱ्यांदा झडप. भाच्यानं कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, गोठवल्यानं साल्मोनेला मरत नाही म्हणून. आतून बहिणीनं विचारलं, "झालं का रे?" "झालं," म्हणत त्यानं भिंतीवर टांगलेली वही काढली, तारीख लिहिली आणि पुढे आकडा घातला : ५३.