विद्याधन आणि वाद्यमेळ

समूहांत वाढलेला गुणी मनुष्य समूह सोडून निघाला म्हणजे तो आपलें स्वतःचेंच घेऊन जातो कीं दुसऱ्याचेंहि कांहीं बरोबर नेतो, हा प्रश्न आपल्या समाजास मुळींच नवा नाहीं. चार भाऊ एका चुलीवर जेवत आहेत; त्यांपैकीं एकाचें शिक्षण बाकीच्या तिघांनीं पोटास चिमटा घेऊन केलें आहे; आणि हातीं पैसा येऊं लागतांच तो शिकलेला भाऊ वेगळें बिऱ्हाड करूं म्हणतो, अशीं घरें वाचकांनीं पाहिलीं असतील. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं ‘विद्याधन’ या नांवाखालीं याच प्रश्नाचा खल केला आहे. कुटुंबाच्या खर्चानें मिळविलेल्या विद्येची कमाई कुटुंबाची, असा त्यांचा सामान्य कल होता; आणि १९२१ सालीं प्रिव्ही कौन्सिलनेंहि, घरच्या पैशानें विशेष शिक्षण घेऊन सनदी नोकर झालेल्या गृहस्थाची मिळकत अविभक्त कुटुंबाची होय, असाच निर्णय दिला. पुढें बॅ. मुकुंदराव जयकर यांनीं पुढाकार घेतला आणि १९३० च्या कायद्यानें विद्येची कमाई ज्याची त्याची ठरली. आमच्या मतें कायदा योग्यच झाला. मात्र पैशाचा धनी कोण, एवढेंच त्यानें ठरविलें. ज्या तिघांनीं पोटास चिमटा घेतला त्यांचें त्या चौथ्याकडे कांहीं उरतें कीं नाहीं, हें ठरविण्याचें काम कायद्यानें अंगावर घेतलें नाहीं, व तें त्याचें कामहि नव्हे.

हा प्रश्न आम्हांस पुन्हां सुचण्याचें कारण मात्र धर्मशास्त्रांतील नसून विलायती संगीतांतील आहे. १९७७ सालीं लंडनमध्यें स्ट्युअर्ट कोपलंड नांवाच्या तरुण ढोलवादकानें एक वाद्यमेळ उभारला आणि त्यास ‘द पोलीस’ असें नांव दिलें. (नांव ऐकून नागपुरांतील एखादे सज्जन दचकतील, परंतु त्या पिढीस असलींच नांवें रुचत.) पहिली तबकडी निघाली तिच्यावरील मुख्य गाणें कोपलंडचेंच होतें. गाण्यासाठीं व ‘बेस’ म्हणजे मंद्र तारांचें गिटार वाजविण्यासाठीं त्यानें गॉर्डन सम्नर यास घेतलें. हा उत्तर इंग्लंडांतील वॉल्सेंड या जहाजें बांधणाऱ्या गांवचा, दूधवाल्याचा मुलगा, आणि कांहीं काळ शाळामास्तर. काळ्यापिंवळ्या पट्ट्यांच्या बंडीमुळें पडलेलें ‘स्टिंग’, म्हणजे नांगी, हें टोपणनांव त्यास जन्माचें चिकटलें. तिसरा अँडी समर्स. तो त्याच वर्षीं मागाहून आला, आणि वयानें या दोघांहून सुमारें दहा वर्षांनीं मोठा, गिटारांत मुरलेला असा होता.

तेव्हां इंग्लंडांत ‘पंक’ संगीताचा धुमाकूळ चालू होता. त्याचा संताप व आटोपशीरपणा घ्यावा, परंतु वाद्य नीट वाजविण्याची लाज बाळगूं नये, अशा वृत्तीच्या मंडळींस लोक ‘नवी लाट’ म्हणूं लागले. पोलीस त्यांतलेच. त्यांची खरी युक्ति लयीची होती, आणि ती आपल्याकडील ताल जाणणाऱ्यास चटकन् उमगण्यासारखी आहे. आपल्या ठेक्यांत सम ही घराच्या उंबरठ्यासारखी. तबलजी कितीहि हिंडला तरी तेथें परत यावयाचें. जमेकांतील ‘रेगे’ संगीतांत पुष्कळदां पहिली मात्राच मोकळी सोडतात व जोर पुढें तिसरीवर देतात. ऐकणाऱ्याचें पाऊल जेथें पडावयाचें तेथें खड्डा असतो, आणि सारी गोडी त्या खड्ड्यांतच असते. कोपलंडनें ही मोकळी मात्रा पंकच्या धांवत्या लयींत आणून सोडली. समर्सनें गिटारचे भरगच्च ठोके टाकून दिले व पातळ, झिरझिरीत स्वरसंगति धरल्या. त्यामुळें तिघांच्या वाजविण्यांत मधें पुष्कळ आकाश उरलें, आणि त्या आकाशांत स्टिंगचा उंच, किंचित् खरखरीत गळा एकटाच उडतांना ऐकूं येई. लोकांनीं डोक्यावर घेतला तो गळा. परंतु आकाश इतर दोघांनीं राखलें होतें, हें विसरून चालणार नाहीं.

१९७८ ते १९८३ या सहा वर्षांत त्यांचे पांच संग्रह निघाले. मार्च १९८० मध्यें, विलायतेंतील असे मेळ हिंदुस्थानकडे फारसे फिरकत नसत अशा काळीं, ते मुंबईसहि येऊन गाऊन गेले. १९८३ च्या ऑगस्टांत न्यू यॉर्कच्या शे स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला. आणि कीर्तीच्या या शिखरावरूनच त्यांची वाट फुटली. १९८४ नंतर मेळ थांबला. १९८६ सालीं पुन्हां एकत्र येऊन ध्वनिमुद्रण करण्याचा प्रयत्न झाला; परंतु कोपलंड घोड्यावरून पडून त्याचें गळ्याजवळचें हाड मोडलें, आणि जुन्या एका गाण्याच्या नव्या आवृत्तीपलीकडे कांहीं निष्पन्न झालें नाहीं.

स्टिंगच्या एकट्याच्या वाटचालीस आम्ही उणें लेखीत नाहीं. किंबहुना, मेळांत राहता तर त्याच्या हातून जें कधींच झालें नसतें असें पुष्कळ त्यानें केलें आहे. १९८५ च्या पहिल्याच संग्रहासाठीं त्यानें ब्रॅनफर्ड मार्सालिस, केनी कर्कलंड यांसारखे अमेरिकन जॅझ संगीतांतील कसलेले वादक जमविले. त्याच्या गाण्यांतील वाक्यें लांबलीं, स्वरसंगति गुंतागुंतीच्या झाल्या. १९८८ च्या सप्टेंबरांत मानवी हक्कांच्या प्रचारार्थ निघालेल्या गायकांच्या तांड्याबरोबर तो दिल्लीस येऊन गायला. वडील वारल्यानंतर त्याची लेखणी बरेच दिवस अडली होती. ती सुटली तेव्हां १९९१ चा ‘द सोल केजेस’ हा संग्रह निघाला. वॉल्सेंडची नदी, गोदींतील अजस्र सांगाडे, बापाशीं न बोललेलें बोलणें, हा त्याचा विषय. आमच्या मतें त्याचें सर्वांत सच्चें काम हेंच. तें सुखाचें गाणें नव्हे. परंतु ज्यांनीं बाप गमावला आहे त्यांनीं तें एकदां ऐकावें. हीच गोदी घेऊन त्यानें पुढें ‘द लास्ट शिप’ हें संगीत नाटक रचलें. १९८३ च्या मैदानांत त्यास जागा कोठून मिळती? २००६ सालीं त्यानें जॉन डाउलंड या चारशें वर्षांपूर्वींच्या इंग्रज कवि-वादकाचीं गीतें ल्यूटच्या साथीनें गायिलीं. शास्त्रीय गळ्याच्या अभिमान्यांनीं नाक मुरडलें असेल. आम्हांस तें धाडस आवडलें. रांगडा गळा नाजुक गीत कसें संभाळून उचलतो हें त्यांत पाहावयास मिळतें.

असें असूनहि कांहीं गमावलें, आणि काय गमावलें हें नेमकें सांगतां येतें. नव्या वादकांपैकीं कोणीहि कोपलंडहून कमी प्रतीचा नव्हता; कांहीं तर सरसच होते. पण ते नेमलेले होते. नेमलेला वादक उत्तम साथ करतो, सूचना करतो, फार झालें तर मान हालवितो. ‘हें गाणें मुळांतच मंद आहे, मी तें असें वाजविणार नाहीं,’ असें तो म्हणत नाहीं. कोपलंड म्हणे. त्या तिघांचीं भांडणें त्या क्षेत्रांत प्रसिद्धच आहेत. आणि त्यांच्या उत्तम गाण्यांत जी ओढाताण आहे, ढोल पुढें पळूं पाहतो व गळा त्यास मागें खेंचतो अशी जी झुंज आहे, ती या भांडणांचीच मिळकत होय. एकट्या स्टिंगचीं कित्येक गाणीं सुबक आहेत. परंतु त्यांतील फर्निचरावर कोणी ओरखडा काढलेला नाहीं.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर दूर जाण्याचें कारण नाहीं. १९०५ सालीं नारायणराव राजहंस किर्लोस्कर नाटक मंडळींत दाखल झाले. १९११ च्या ‘मानापमाना’नें त्यांचें नांव घरोघरीं गेलें. १९१३ सालीं ते गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. जिनें आपल्या रंगभूमीवर त्यांस वाढविलें ती जुनी मंडळी मागें राहिली, आणि पांच वर्षांनीं दीनानाथ मंगेशकर बलवंत संगीत मंडळी काढण्यास बाहेर पडले तेव्हां तिला तोच घाव दुसऱ्यांदां बसला. बालगंधर्वांनीं बाहेर पडून चूक केली असें आज कोण म्हणेल? तसें न होतें तर भास्करबुवा बखल्यांच्या चालींनीं भरलेलें १९१६ चें ‘स्वयंवर’ ज्या थाटानें झालें त्या थाटानें होतें कीं नाहीं, याची शंकाच आहे. तथापि पुढें टेंबे गेले, बोडसहि गेले. आणि मंडळींत त्यांच्या बरोबरीनें ‘नाहीं’ म्हणणारा कोणी उरला नाहीं. तिरखवांसारखा तबलजी व कादरबक्षांसारखा सारंगिया साथीस असतांना गाणें थोरच राहिलें. उधळपट्टीस व कर्जास मात्र आवर घालणारा भागीदार नव्हता. भागीदाराचा उपयोग पुष्कळदां तो गेल्यावर, वहीखात्यांत दिसून येतो.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ‘मानापमाना’च्या पदांच्या चाली टेंब्यांनीं दिलेल्या आहेत. पण घरांत तबकडी लावली म्हणजे आपण म्हणतों, ‘बालगंधर्वांचें पद चाललें आहे.’ यांत बालगंधर्वांनीं कोणाचें कांहीं हिरावून घेतलें असें नाहीं. आपला कानच असा आहे कीं तो गळ्यास ओळखतो व इतरांस वातावरण समजतो. आम्ही राहतों त्या सदर भागांत याच्या उलट कान घडलेलेहि लोक आहेत. इंग्रजी अंमलांत छावणी व रेसिडेन्सी यांच्या आश्रयानें ही वस्ती वाढली. रेसिडेन्सी रोड हें नांव त्याची खूण म्हणून राहिलें आहे. येथील ख्रिस्ती देवालयांत स्तोत्रें अनेक आवाजांच्या मेळानें गातात, आणि तेथें एखाद्याचा गळा वेगळा ऐकूं आला तर तो दोष मानतात. आपल्या मैफलींत एक गवई असतो व बाकीचे साथीदार. त्या गायनवृंदांत सगळेच साथीदार. आधुनिक वाद्यमेळाची अडचण अशी कीं तो या दोहोंच्या मधोमध उभा आहे. तो बसतो वृंदासारखा आणि विकला जातो गवयासारखा.

या अडचणीचें स्वरूप एका गाण्यावरून पुरतें कळतें. १९८३ सालीं पोलिसांचें ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ हें गाणें अमेरिकेंत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतें. गीत व चाल स्टिंगची, आणि कर्ता म्हणून कागदोपत्रीं नांवहि त्याचें एकट्याचें. पण त्या गाण्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत गिटारची जी सुटीसुटी, चालत राहणारी स्वरावली आहे ती समर्सनें बसविली. १९९७ सालीं एका अमेरिकन गायकानें आपल्या गाण्यासाठीं त्यांतून उचलली ती मुख्यतः हीच स्वरावली, आणि तें गाणेंहि जगभर गाजलें. तिकडील पद्धतीप्रमाणें शब्द व चाल म्हणजे ‘कृति’, व बाकी सारें म्हणजे ‘सजावट’; कृतीचा मोबदला कर्त्यास मिळतो. जुन्या हिशेबाच्या अशाच वादावरून २०२५ सालीं समर्स व कोपलंड यांनीं स्टिंगविरुद्ध लंडनच्या हायकोर्टांत दावा दाखल केला. त्याआधीं २००७-०८ मध्यें तिघे वर्षभर पुन्हां एकत्र हिंडले होते, आणि लोकांनीं मैदानें भरून टाकलीं होतीं. दाव्याचा गुणदोष सांगणें आमचें काम नव्हे. न्यायासन करारनाम्यांतील शब्द पाहील आणि तेंच योग्य. आम्ही विचारतों तें एवढेंच, कीं जी वस्तु काढून घेतली असतां गाणें ओळखूं येणार नाहीं तिला सजावट कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

म्हणून आमचा कल असा आहे. जाणाऱ्यास अडवूं नये. गुण हा मेळाच्या खुंटीस बांधून ठेवण्याचा पशु नव्हे, आणि ज्यास स्वतःच्या बापाविषयीं गावयाचें आहे त्यास दुसऱ्याच्या ढोलावर गात बैस म्हणणें क्रूरपणाचें होईल. परंतु जाणाऱ्याकडे जें ऋण उरतें तें आज्ञाधारकपणाचें नसून नांवाचें व हिशेबाचें असतें, आणि तें मागणें म्हणजे मत्सर नव्हे. ‘माझ्यामुळेंच तुम्ही होतां,’ हें गायकाचें वाक्य व ‘आमच्यामुळेंच तूं झालास,’ हें मेळाचें वाक्य, दोन्ही सारखींच अर्धवट आहेत; आणि दोन्ही बाजूंनीं तीं म्हटलीं जातात तीं बहुधा पैसा आल्यावर.

सदरमधील चार तरुणांचा असाच एक मेळ आमच्या परिचयाचा आहे. त्यांतील गाणाऱ्यास मुंबईहून एकट्यास बोलावणें आलें, तेव्हां चौघांचें बोलणें बंद झालें. आणि त्यांपैकीं एकाच्या वडिलांनीं आमच्याकडे विषय काढला. ‘चार वर्षें आमच्या गच्चीवर तालीम केली, विजेचें बिल आम्हीं भरलें, आणि आतां हा निघाला,’ असें ते म्हणाले. विद्याधनाचा जुना वाद यापेक्षां निराळा काय होता? आम्हीं त्यांस सांगितलें कीं मुलास आनंदानें जाऊं द्यावें, बिलाचा उल्लेख करूं नये. मात्र जाण्यापूर्वीं चौघांनीं बसून, कोणत्या गाण्यांत कोणाचें काय आहे याची यादी करावी व खालीं चौघांनीं सही करावी. यादी सुरू झाली आहे. पहिलीं दोन गाणीं एका संध्याकाळीं आटोपलीं. तिसऱ्यापाशीं मात्र काम अडलें आहे. त्याची चाल कोणास प्रथम सुचली, याविषयीं चौघांचीं चार मतें आहेत, आणि त्या निमित्तानें कां होईना, ते रोज संध्याकाळीं गच्चीवर जमतात.