कातडी आणि कूळ

अंदमान बेटांवरील ओंगी लोकांना जुन्या वंशशास्त्रज्ञांनी ‘नेग्रिटो’ हे स्पॅनिश नाव दिले. त्याचा अर्थ ‘लहानसे काळे’. काळा वर्ण व कुरळे केस पाहून कित्येकांनी त्यांचे नाते थेट आफ्रिकेशी जोडले. परंतु हैदराबाद येथील शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह २००९ साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासात निराळेच दिसून आले. भारतातील बहुतेक समाज दोन प्राचीन समूहांच्या मिश्रणातून झाले आहेत, आणि त्यांपैकी एकाचे दूरचे नाते ओंगींशी आहे. म्हणजे कातडीचा रंग हा कुळाचा दाखला नव्हे.

हे वाचून आम्हांला आमच्याच घरातले बोलणे आठवले. “मुलगी चांगली आहे, पण सावळी आहे,” असे स्थळ पाहताना आम्हीही म्हटले आहे. आता ओंगी आपले दूरचे आप्त निघाले, म्हणून त्यांना मान द्यावयाचा काय? ते आफ्रिकेचेच निघाले असते, तर कमी ठरले असते काय?

शास्त्र आमची चूक दाखवील. प्रीती करण्याचे कारण मात्र त्याच्याकडे मागू नये. शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूला त्याचे कूळ विचारले नव्हते.