राहणारे आणि जाणारे

गाव सोडून जाणारा थोर, की मातीला धरून राहणारा? लातूर जिल्ह्यातील कित्येक घरांत हा प्रश्न वर्षानुवर्षे धुमसत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा आघातांनंतर एक भाऊ पुण्या-मुंबईची वाट धरतो, दुसरा घरीच राहतो. मग एक 'पळपुटा' ठरतो आणि दुसरा 'निरुद्योगी'.

या वादाचा विचार करताना आम्हांला दोन जलचर आठवतात. कोकणात ज्याला पाकट म्हणतात, त्या चपट्या, शेपटीवर विषारी काटा असलेल्या माशाचे काही भाईबंद दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीत राहतात. लक्षावधी वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज समुद्रातून आले. खाऱ्या पाण्यात तग धरण्यासाठी समुद्रातील पाकट रक्तात युरिया साठवून ठेवतो. नदीतील पाकटाने ती शक्ती गमावली आहे. आता त्याला समुद्रात परतता येत नाही. तिसऱ्या मात्र खाडीच्या वाळूत रुतून राहतात. पाणी आत घेऊन त्यातील सूक्ष्म अन्न गाळतात आणि निवळलेले पाणी बाहेर सोडतात. ओहोटीला शिंपले मिटून भरतीची वाट पाहतात.

यांत श्रेष्ठ कोण? धाडस हेच माप धरले तर तिसऱ्या हलक्या ठरतात. स्थैर्य हे धरले तर पाकट. परंतु एकाने परतीची वाट गमावली आहे आणि दुसरीने प्रत्येक ओहोटी सोसली आहे. एकाच्या मापाने दुसऱ्याचे मोल ठरवणे, हाच येथे अन्याय होय.

लेवीय ग्रंथाच्या ११ व्या अध्यायात पंख व खवले दोन्ही असलेले जलचरच शुद्ध मानले आहेत. त्या नियमाने पाकट आणि तिसऱ्या दोन्ही वर्ज्य! पुढे प्रेषितांच्या कृत्यांत, १० व्या अध्यायात, संत पेत्राला यापोच्या धाब्यावर दृष्टांत झाला. कर्नेल्याच्या घरी गेल्यावर त्याला उमगले, की प्रश्न भक्ष्याभक्ष्याचा नव्हता, माणसाचा होता; कोणत्याही मनुष्याला अपवित्र म्हणण्याचा अधिकार त्याला नव्हता.

आपल्यालाही तो नाही. गेलेल्याने घरच्या म्हाताऱ्यांचा भार विसरू नये. राहिलेल्याने नाताळला आलेल्या भावाच्या पानात टोमणा वाढू नये. जागा कोणतीही असो, तेथे राहून आपण एकमेकांसाठी काय करतो, याचाच हिशेब प्रभू मागेल, अशी आमची श्रद्धा आहे.