वाचविलेला वेळ कोणाचा?

वेळ वाचविण्याची कला नोकरी करणाऱ्या मातांनी जितकी पूर्णत्वास नेली आहे, तितकी ती क्वचितच कोणा कारखानदारास साधली असेल. रात्री निजण्यापूर्वी मटकी भिजत घालावयाची, मुलांचे गणवेश काढून ठेवावयाचे, रविवारी आठवड्याचे आले-लसणीचे वाटण बरणीत भरावयाचे, आणि सकाळी एकाच कुकरात वरण, भात व बटाटे एकावर एक चढवावयाचे. ही शेवटची युक्ती तशी जुनीच. १९१० साली कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी काढलेला इकमिक कुकर याच तत्त्वावर चाले : तळाशी निखारे, वर डब्यांची उतरंड, आणि सारा स्वयंपाक एका वाफेवर. या सवयींस आम्ही क्षुल्लक मानीत नाही. त्यांत बुद्धी आहे, दूरदृष्टी आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. अशा रीतीने जो अर्धा तास शिल्लक पडतो, त्यावर मालकी कोणाची?

पैसा वाचविला तर तो पोस्टाच्या पुस्तकात आपल्या नावावर जमा होतो, आणि तेथून काढावयाचा तर आपली सही लागते. वाचविलेल्या वेळास असे नाव नसते व सहीही लागत नाही. तो ज्याच्या हातास प्रथम लागेल त्याचा. आणि आईचा मोकळा वेळ घरात सर्वांच्याच हातास लागतो. कुकरने वाचविलेली वीस मिनिटे मुलाच्या वहीत चित्रे चिकटविण्यात जातात. मिक्सर आला तेव्हा श्रम वाचले खरे, पण पानात एका चटणीच्या दोन झाल्या. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन विदुषीने १९८३ सालच्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात आपल्या देशातील घरांविषयी हेच सप्रमाण दाखविले आहे. यंत्रांनी कष्ट हलके केले. परंतु घरकामातून सुटका झाली ती मुख्यतः पुरुषांची व मुलांची.

आपल्याकडील आकडेही बोलके आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवीत व ते करणारे पुरुष ९७, असे आढळले. (मुळात ते करणारे पुरुष शेकडा २६ च्या आसपास होते, हे वेगळेच.) २०२४ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा हे आकडे २८९ व ८८ झाले. तिची दहा मिनिटे कमी झाली, त्याची नऊ. अंतर दोनशे दोनांवरून दोनशे एकावर आले!

कोणी म्हणतील, पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणाव्यात. अवश्य आणाव्यात. मात्र तेथे पोळ्या लाटणारी बाईही बहुधा कोणाची तरी आई असते, आणि तिच्या घरच्या पोळ्या कोण लाटते, एवढा प्रश्न आम्ही येथे नुसता नोंदवून ठेवतो.

मुंबईच्या लोकल गाडीत सायंकाळी बायकांच्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते. या तत्परतेचे कौतुक आम्हीही अनेकदा केले आहे. पण त्याच गाडीच्या शेजारच्या डब्यात पुरुष पत्ते खेळत असतात, डुलक्या घेतात, कोठे टाळ वाजवून भजन चाललेले असते. त्यांस वेळ फुकट घालविता असे कोणी म्हणत नाही. दिवसभर खपून आलेल्या माणसाची ती विश्रांती होय, असे आपण समजतो. दिवसभर तीही खपूनच आलेली असते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. प्रेमाच्या माणसांसाठी गेलेला वेळ हा गेला असे का म्हणावे? मुलाला गोष्ट सांगणारी आई आपला वेळ कोणी हिरावला अशी तक्रार करीत नाही. तो ती देते, आणि देण्यात तिला सुख असते. हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. तथापि धर्मशास्त्रकारांनी दानाचा विचार करताना दोन अंगे सांगितली आहेत : आपले स्वत्व सोडणे आणि दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे. ज्या वस्तूवर मुळात आपले स्वत्वच नाही, तिचे दान कसे व्हावे? आईने आपला वेळ द्यावा यात गैर काही नाही. पण तो आधी तिचा असावयास हवा. न देण्याची मुभा असेल तरच देण्यास अर्थ. रिकामे बसण्याचा अधिकार नसलेल्या माणसाच्या त्यागाची स्तुती करणे हे आम्हांस फार सोयीचे वाटते. ही सोय आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे भोगली आहे.

आमची पत्नी शाळेत शिक्षिका होती. मुले लहान असतानाची, तीस वर्षांमागील गोष्ट. एके सकाळी तिने सर्व कामे इतक्या शिताफीने उरकली होती की शाळेस निघण्यास पाव तास अवकाश राहिला. चहाचा कप घेऊन ती गॅलरीत खुर्चीवर बसली. वर्तमानपत्र वाचता वाचता आम्ही सहज विचारले, “आज काही काम नाही वाटतं?” आमच्या मनात खरोखर काही नव्हते. ती “आहे की” म्हणाली, चहा तसाच ठेवून उठली, आणि आमच्या सदऱ्यास इस्त्री करू लागली. आम्ही पुढचे पान उलटले.

परवा आमची कन्या आली होती. तिचीही आता नोकरी आहे व पदरी दोन मुले आहेत. लसूण कोमट पाण्यात भिजविली की साल लवकर सुटते, ही युक्ती तिला सांगता सांगता आईस तो दिवस आठवला. ती हसत म्हणाली, “अगं, सदरा मी आदल्या रात्रीच इस्त्री करून ठेवला होता. पण रिकामी बसलेली दिसले ना, म्हणून पुन्हा केली.”

कन्या हसली नाही. आम्ही वर्तमानपत्र बाजूस ठेवले आणि लसणीची परडी पुढे ओढली. पाव किलो लसूण सोलावयास आम्हांस पाऊण तास लागला.