औरस असता दत्तक

बडोद्याच्या मराठी माणसास दत्तकाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली राजमाता जमनाबाईंनी दत्तक घेतले, म्हणून या नगरीस सयाजीराव लाभले. परंतु औरस पुत्र हयात असता दुसरा दत्तक घेता येत नाही, हा आमच्या धर्मशास्त्राचा दंडक. १९५६ च्या कायद्यानेही तो राखला. तो मला अलीकडे आठवला एका माशावरून.

मुळा-मुठेतील महसीर माशाचे शास्त्रीय वर्णन कंपनी सरकारच्या सायक्स नामक अधिकाऱ्याने १८३९ साली केले. तो पुढे दुर्मिळ होऊ लागला, तेव्हा लोणावळ्यास टाटांच्या केंद्रात त्याची पैदास झाली आणि पिले दूरदूरच्या नद्यांत, कावेरीतही, सोडण्यात आली. हेतू निर्मळच होता. पण कावेरीच्या घरी तिचा औरस, पाठीवर उंचवटा असलेला महसीर, नांदत होता. त्याची शास्त्रीय ओळखही तेव्हा ठरलेली नव्हती! २०१८ साली संशोधकांनी शरीररचना व जनुकीय खुणा ताडून पाहिल्या आणि केरळातील पांबार नदीतून २००७ साली वर्णिलेल्या जातीचाच तो असल्याचे ठरविले. त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्तांत झाली. दत्तकाची प्रजा मात्र कावेरीत वाढली आहे.

या खुणा म्हणजे पेशीत लिहिलेली वंशावळ. त्यांतील एक प्रकार केवळ आईकडून येतो (आपली गोत्रे बापाकडून, हा गमतीचा भेद), म्हणून संकराचा बाप त्यात दिसत नाही. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हे येथेही खरे; दोन्हीकडून येणाऱ्या खुणाही तपासाव्या लागतात.

मग दोष कोणाचा? फौजदारीत हेतू पाहतात. परंतु विश्वस्ताचा हेतू कितीही शुद्ध असला, तरी त्याच्या हातून गेलेली ठेव तेवढ्याने परत येत नाही. आणि नदीचे आपण मालक नसून विश्वस्त आहो, असे मी मानतो.

महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत वरदायिनीचे महसीर आहेत. त्यांना कोणी धरीत नाही. काळ पश्चिमवाहिनी, मुळा-मुठा पूर्ववाहिनी. मध्ये सह्याद्री उभा. उद्या एखाद्या भाविकाने पुण्यबुद्धीने तेथे बाहेरची पिले सोडू म्हटले, तर आधी वंशाची चौकशी व्हावी. तीसाठी देवीच्या माशाचे पर नखाएवढे कापणे माझ्याही मनास रुचत नाही, आणि पुजाऱ्याने नकार दिल्यास मी त्यास अडाणी म्हणणार नाही. पण आपल्या मरणाने मेलेला एखादा मासा ताजा असताना सापडला, तर त्याचा लहानसा तुकडा मद्यार्कात ठेवून अभ्यासकाकडे धाडण्यास देवीची हरकत असेल, असे मला वाटत नाही.