चिकटण्यासाठीची शुद्धी

साच्यातून नुकतीच निघालेली मोटरसायकलची फायबरची फेअरिंग हातात घेतली, तर ती रंगवायला अगदी तयार आहे असंच कुणालाही वाटेल. वरचा जेलकोट गुळगुळीत, कडा नेमक्या, चकाकी अशी की छतावरच्या ट्यूबलाइटची रेघ तिच्यात सरळ उतरते. पण ती आहे तशी रंगवली, तर रंगाचे पोपडे निघतात. कधी तर मास्किंग टेप ओढताना टेपबरोबरच रंग उचलून येतो. कारण ती चकाकी फायबरची एकट्याची नसते. फायबर साच्याला धरून बसू नये म्हणून साच्यावर आधी मेणाचे हात देतात, त्यावर बऱ्याचदा पीव्हीएचा पातळ पापुद्रा. मग जेलकोट, मग काचतंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. भाग सुटून येतो तो या मेणामुळे, आणि येताना थोडं मेण अंगावर घेऊनच येतो. दिसायला सर्वांत देखणी जागा रंगाच्या दृष्टीनं सर्वांत नालायक असू शकते. शुद्ध कशाला म्हणायचं हा धर्मविचारातला जुना प्रश्न इथे पेंटरच्या बाकावर येऊन पडतो, आणि माझं म्हणणं असं की बाकावर तो प्रवचनापेक्षा नीट सुटतो. (रॉबर्ट पर्सिगनं 1974 मध्ये मोटरसायकलवरून तत्त्वज्ञान मांडलं, पण तो रमला यंत्राच्या दुरुस्तीत. गाडीच्या कातडीला तत्त्वज्ञ सहसा हात लावत नाहीत. तो नुसता देखावा, असं समजून पुढे जातात.)

चित्तशुद्धीचं आपल्याकडचं रूढ चित्र आरशाचं आहे. आरशावर धूळ बसली, धूळ पुसली, प्रतिबिंब उमटलं. या चित्रात शुद्धी म्हणजे फक्त काढून टाकणं. खाली जे आहे ते मुळातच तयार, एक फडकं मिळालं की काम झालं. फायबरचं काम या चित्राबरोबर अर्ध्या वाटेपर्यंतच चालतं. आधी साबणाचं पाणी, त्यात पीव्हीए विरघळून जातं. मग मेण काढणारं सॉल्व्हंट एका फडक्यानं लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोऱ्या फडक्यानं टिपून घ्यायचं. नाहीतर मेण निघत नाही, नुसतं जागा बदलतं. हे व्हायच्या आधी पॉलिश पेपर फिरवला तर आणखी वाईट, मेण पेपरच्या चऱ्यांत दाबलं जातं आणि मग ते काढणं फार जिकिरीचं होतं. बरं, निघालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून वरून स्वच्छ पाणी ओतून पाहतात. पाणी अखंड पापुद्र्यासारखं पसरून राहिलं तर ठीक. कुठे तो पापुद्रा फाटला, थेंब गोळा होऊन बसले, तर तिथे अजून मेण आहे. ही परीक्षा पाहण्यासारखी आहे. पृष्ठभागावर काय उरलेलं नाही याची मोजदाद ती करत नाही. बाहेरून आलेल्याला हा पृष्ठभाग बसू देतो का, एवढंच ती विचारते.

शिवाय मेण म्हणजे मळ नव्हे. ते नसतं तर फेअरिंग साच्यातच अडकून फुटली असती. मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात बुद्धानं तराफ्याचा दाखला दिला आहे: नदी ओलांडायला तराफा हवाच, पण पलीकडे पोहोचल्यावर तो डोक्यावर घेऊन चालत सुटणारा माणूस शहाणा नव्हे. शंकराचार्यांनी वेगळ्या वाटेनं असंच काही मांडलं. कर्म चित्त शुद्ध करतं हे त्यांना मान्य होतं. पण मोक्षासाठी ज्ञान आणि कर्म जोडीनं चालायला हवीत, हा समुच्चयाचा पक्ष त्यांनी हट्टानं नाकारला. अशुद्धी म्हणजे काहीतरी परकं, वाईट, घाणेरडं असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ती कालची गरज असते आणि तिचं काम संपल्याचं तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आरशाचं चित्र खरं मोडतं ते यानंतर. मेण गेलं, पाणी अखंड राहिलं, तरी त्या चकचकीत जेलकोटवर रंगाखालचं अस्तर (प्रायमर) नीट धरत नाही. धरायला त्याला खरखरीतपणा लागतो. म्हणून 220 किंवा 320 नंबरचा पेपर घेऊन सगळी चकाकी मारतात, इतकी की फेअरिंग राख फासल्यासारखी दिसू लागते. पेपर फिरला की जेलकोटखाली अडकलेल्या हवेची छिद्रं उघडी पडतात, सुईच्या टोकाएवढी. अस्तर त्यांच्यावर नुसता पूल बांधतं, ती भरत नाही. त्यामुळे एकेका छिद्रात पातळ लांबी (पुट्टी) पत्तीनं दाबून बसवावी लागते. म्हणजे आधी स्वच्छ, मग स्वतःहून खरबरीत, मग उघडी झालेली पोकळी भरलेली. पात्रता ही निर्मळपणाच्या पुढची पायरी आहे, हे आरसा कधीच दाखवू शकत नाही. योगसूत्रांच्या चौथ्या पादातला शेतकरी जास्त जवळचा वाटतो. तो पाणी हातानं या वाफ्यातून त्या वाफ्यात नेत नाही. मधला बांध फोडतो, पाणी आपलं आपण जातं. पेंटरही रंग चिकटवत नाही. तो जागा करून देतो, चिकटण्याचं काम अस्तर आणि त्यातला हार्डनर करतात.

यावर अद्वैती लगेच म्हणेल की उपमाच उलटी झाली. रंग हे आवरण, आणि ज्ञान तर आवरण दूर करतं. आत्मा कशानं रंगत नाही, त्याला खरवडायचं काय? आक्षेप रास्त आहे, पण तो आत्म्याबद्दल आहे. शम, दम, तितिक्षा ही तयारी अद्वैतानं आत्म्याला सांगितलेली नाही, साधकाच्या मनाला सांगितली आहे. आणि उपदेश ऐकूनही न ठरणारं मन हाच त्या सगळ्या शिस्तीचा विषय आहे. अशी मनं आपण पाहतोच. स्वच्छ, सुसंस्कृत, आयुष्यात वावगं काही न केलेली, आणि इतकी गुळगुळीत की कुणाचं दुःख त्यांच्यावरून ओघळून जातं.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. खरवडण्याचं असं कौतुक केलं की दुःखानं माणूस शुद्ध होतो, मग दुःख देणाराही उपकारकर्ताच, इथवर जायला वेळ लागत नाही. पण कारागिरी इथे फार काटेकोर आहे. 80 नंबरच्या पेपरच्या खोल रेघा रंगाच्या हातांतूनही वर दिसतात. जेलकोट पार घासला गेला तर खालचे काचतंतू उघडे पडतात आणि नवीन दुरुस्ती मागे लागते. चरा तेवढाच हवा जेवढा पुढचा थर भरून काढू शकेल. भरणारं काही येणारच नसेल तर ती निव्वळ नासधूस. गीतेच्या सतराव्या अध्यायात स्वतःला पिडून केलेल्या तपाला तामस म्हटलं आहे, आणि बुद्धानं सोण नावाच्या भिक्षूला वीणेच्या तारेची गोष्ट सांगितली ती तो चालून चालून पाय रक्ताळून घेत होता म्हणून.

मग सोवळ्याचं काय? ते इथेही आहे. शेवटचं पुसणं झालं, टॅक क्लॉथ फिरला, की त्या भागाला उघडा हात लावायचा नाही. बोटाचं तेल पुरतं, आणि सिलिकॉनचं पॉलिश जवळपास वापरलेलं असेल तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. शिवू नका, ही आज्ञा दोन्हीकडे तीच. 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा सवर्णांनी ते तळं विधिपूर्वक 'शुद्ध' करून घेतलं. त्या शुद्धीनंतर तळ्याच्या पाण्यात नवीन काय आलं, ते कुणासाठी जास्त योग्य झालं, याला उत्तर नव्हतं; कुणाचा हात लागू नये, एवढाच तिचा सगळा मजकूर होता. न्यायालयात दलितांचा त्या पाण्यावरचा हक्क पक्का व्हायला 1937 साल उजाडलं. पेंटरच्या 'शिवू नका'ला मात्र तासांची मुदत असते. रंग आणि वरचा क्लिअर कोट कडक झाला की फेअरिंग गाडीवर चढते, गाडी चौकात उभी राहते, आणि शाळेतून परतणारी पोरं येता-जाता तिच्यावर हात फिरवतात.